नत्थुजींची आभाळातली रहदारी

पुसदच्या दिग्रस नाक्यावर मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आमची मोटार नाक्याच्या थोडं अलीकडं पंक्चर झाल्यामुळं मी ट्रंक खांद्यावर घेऊन पायीच आलो होतो. रस्त्यावर दुसरी मोटार नव्हती, बैलबंडी नव्हती, साधं गाढवसुद्धा नव्हतं, आणि तरीही नाक्याचा आडवा बांबू वर गेला. खाकी कोटातला एक किडकिडीत गृहस्थ बांबूची दोरी धरून, मान मागं टाकून आभाळाकडं बघत होता. मीही बघितलं. चांदणीहून जरा मोठा असा एक पांढरा ठिपका डोंगराच्या अंगानं निवांत चालला होता. तो दिसेनासा झाल्यावर गृहस्थानं बांबू खाली घेतला, दोरी खुंटीला गुंडाळली आणि माझ्या ट्रंकेकडं बोट दाखवलं.

"माल काय?"

"पुस्तकं आहेत," मी म्हणालो.

"कुठून आले?"

"अमरावतीहून."

"कुठी चालले?"

"इथंच. हायस्कुलात मास्तर म्हणून आलोय."

"म्हंजे उतरनार," ते म्हणाले. "मंग खोला ट्रंक."

हे नत्थुजी नाकेदार. साठ सालातली गोष्ट. त्यांनी माझी पुस्तकं एक एक करून उलटी धरून झटकली, आत जकात लागण्याजोगं काही नाही याची खात्री केली, आणि मग मला राहायला जागा आहे का ते विचारलं. नव्हती. त्यांच्या घराची पुढची खोली रिकामी होती. घरात ते एकटेच. त्या रात्रीपासून मी त्यांचा भाडेकरू झालो. मात्र पुढची तीन वर्षं मी बाजारातून पिशवी घेऊन घरात शिरलो की ओसरीवरून प्रश्न यायचाच, "माल काय?" मी वांगी म्हटलं की ते मान हलवून मला आत सोडत.

नत्थुजींना समजून घ्यायचं तर जकातीचा एक नियम माहीत पाहिजे. बाहेरून आलेला माल गावात उतरला तर त्यावर जकात. गावावरून नुसता पुढं जाणार असेल तर तो रहदारी. रहदारी मालाला या नाक्यावर पास द्यायचा, सोबत शिपाई द्यायचा, पलीकडच्या नाक्यावर पास परत घ्यायचा आणि रामराम करायचा. नत्थुजींनी उभ्या आयुष्यात एवढं एकच काम केलं होतं, आणि ते इतकं मन लावून केलं होतं की सगळं जगच त्यांना तसं दिसे. एकदा त्यांनी एक आख्खी वरात नाक्यावर थांबवून नवरदेवाला विचारलं होतं, "तुमी उतरनार का रहदारी?" नवरदेव घरजावई व्हायला निघाला होता. नत्थुजींचं म्हणणं असं की मग तो उतरलेला माल झाला.

माणसाचा जीव हीसुद्धा त्यांच्या लेखी रहदारीच होती. एका नाक्यानं येतो, दुसऱ्या नाक्यानं जातो. मेल्यावर त्याचा उजेड होतो आणि तो आभाळातून माहूरगडाच्या दिशेनं निघतो. माहूरच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. तर असा उजेड पुसदवरून जात असेल, तर नाका उघडा ठेवणं ही त्यांच्या मते सरळसरळ नोकरीतली बाब होती.

"पण तो वरून जातो ना, नत्थुजी. बांबू खाली असला काय आणि वर असला काय."

"वरून जाओ का खालून जाओ, हद्द तं कमेटीचीच आहे नं?"

कमेटी म्हणजे म्युनिसिपालटी. कमेटीच्या साहेबांना हे तत्त्वज्ञान पटलं नाही. विनाकारण नाका उघडल्याबद्दल त्यांनी खुलासा मागवला. नत्थुजींनी एका ओळीत उत्तर दिलं, "रहदारी होती, माल उतरला नाही." साहेबांनी तोंडी तंबी दिली. तेव्हापासून नत्थुजी रोज दिवेलागणीला बांबूच्या बिजागरीला तेल द्यायला लागले. तेल द्यायचं तर बांबू वर करावा लागतो आणि तेल मुरेपर्यंत तो वर ठेवावाही लागतो. त्या बिजागरीनं जितकं तेल प्यायलं असेल तितकं आमच्या खानावळीतल्या भाज्यांनीही प्यायलं नसेल.

आभाळातल्या जिवांची प्रतवारीही त्यांनी लावली होती. झपकन गेला तो समाधानानं गेला. लुकलुकत गेला तो रडत गेला. हळूहळू गेला तो घरात अडकला आहे, मागून कोणीतरी त्याला हाक मारून राहिलंय. तालुक्यात कोणी वारलं की नत्थुजी सांत्वनाला जात आणि घरच्यांना बातमी देत, "काल सांजच्याले गेले बावा. एकदम सरळ. कुठी थांबले नाही." लोक त्यांना मागून हसत, पण ते जाईपर्यंत वाटही बघत. एकदा एक सून मुद्दाम नाक्यावर आली होती. सासू जाऊन थोडेच दिवस झाले होते.

"नत्थुजी, त्या नक्की गेल्या नं?"

"गेल्या."

"हद्दीच्या भायेर?"

"पार भायेर. म्या सोता पाह्यलं."

"वापस तं नाही येनार?"

"पास जमा झाला का वापस येता येत नाही, बाई."

सून त्यांना पाव शेर साखर देऊन गेली. ती गावातलीच साखर होती, म्हणून नत्थुजींनी ठेवून घेतली.

मी विज्ञान शिकवत होतो. हे सगळं ऐकून माझं डोकं तापत असे. अमेरिकेनं एक मोठा चकचकीत फुगा पृथ्वीभोवती फिरायला सोडला आहे आणि तो उन्हानं चकाकतो म्हणून संध्याकाळी आपल्याला दिसतो, हे वर्तमानपत्रात छापून आलं होतं. मी ते पान नत्थुजींपुढं ठेवलं.

"केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

"दहा मजली घराएवढा."

पुसदात तेव्हा दुमजली घराकडंही लोक मान वर करून बघत. नत्थुजींनी मनातल्या मनात मजल्यावर मजले चढवले.

"अन् आत कोन बसते?"

"कोणी नाही. आत पोकळ असतो."

"एवढ्या लांब रिकामी बंडी कोन पाठवते, मास्तर?" ते म्हणाले. "वापसीचं भाडं तरी भेटलं पायजे नं."

गावात तिसरं मत होतं रतनलालजी कापडवाल्यांचं. त्यांच्या दुकानात रेडिओ होता आणि रेडिओवर सकाळी ज्या देशाचं नाव येई, त्याच देशाचं विमान त्या संध्याकाळी पुसदवरून जाई. आधी रशियाची गेली, मग पाकिस्तानची. "फोटो खींच रहे हैं," रतनलालजी सांगत, "अपने पुसद का पूरा नक्शा बन रहा है उधर." आपल्या गावाचा नकाशा परदेशात तयार होतोय याचा लोकांना भयापेक्षा अभिमानच जास्त वाटे. अशा रीतीनं गावात परदेश आणि परलोक असे दोन पक्ष पडले होते. फुग्याच्या पक्षात मी एकटा होतो.

नत्थुजी ही गोष्ट इतकी धरून का आहेत, ते मला वर्षभरानं कळलं. आम्ही दोघंही अनसूयाबाईंच्या खानावळीत जेवत असू. त्यांनीच एकदा सांगितलं. नत्थुजींच्या मंडळी, पार्वतीबाई, तापानं फणफणल्या तेव्हा त्यांच्या भावानं त्यांना मोटारीनं यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. नत्थुजींना रजा मिळाली नाही. कापसाचा हंगाम होता, नाक्यावर बंड्यांची रांग लागलेली. संध्याकाळी दिग्रसच्या बाजूनं, म्हणजे यवतमाळच्याच रस्त्यानं, आभाळातून एक उजेड आला. नाक्यावर येऊन तो थबकला, असं नत्थुजींचं म्हणणं. बांबू खाली होता. त्यांनी रांगेतल्या सगळ्या बंड्या तशाच ठेवून बांबू वर केला, आणि मग तो उजेड माहूरकडं गेला. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून निरोप आला. बाई आदल्या संध्याकाळी गेल्या होत्या.

"बायको मेली तवा हा मानूस जवळ नव्हता," अनसूयाबाई म्हणाल्या. "पन थे जाता जाता नाक्यावरून गेली अन् यानं तिले वाट देली. एवढंच आहे त्याच्यापाशी. तुमी त्याले फुग्याचं नका सांगत जाऊ, मास्तर."

मी फुग्याचं सांगणं बंद केलं. वर्गात मात्र सांगत राहिलो, पगार त्याचाच होता.

मग चीनची लढाई आली. रतनलालजींच्या दुकानापुढं गर्दी मावेना. परदेशाचा पक्ष एकदम वाढला आणि त्याचं टेहळणी मंडळ झालं. मंडळाच्या लोकांनी टॉर्च विकत घेतल्या आणि त्या आभाळाकडं मारून पाहिल्या. आभाळाकडं बघण्याचा सगळ्यात जुना अनुभव नत्थुजींचा, म्हणून त्यांना मंडळात घ्यायचं ठरलं. रतनलालजी स्वतः नाक्यावर आले. ही चिनी विमानं आहेत एवढं नत्थुजींनी चार लोकांत म्हणावं, बस.

"चिनी लोक पुसदले कायले येतीन?" नत्थुजींनी विचारलं. "सरकी घ्याले?"

"नत्थुजी, मजाक मत करो. देश का सवाल है."

"देशाचा असो नाही तं दुनियेचा असो. म्या जे पाह्यलं तेच सांगीन. रहदारीले चोरीचा माल कसा म्हनू?"

त्यावर कोणीतरी त्यांना देशद्रोही म्हणालं. नत्थुजींनी अंगावरचा खाकी कोट जरा नीट केला आणि समोरच्या बंडीला विचारलं, "माल काय?" त्यानंतर बरेच दिवस लोक त्यांच्याशी बोलत नव्हते, पण ते तसूभर हलले नाहीत.

अनसूयाबाईंचा एकुलता एक मुलगा गजानन फौजेत होता. नेफात, म्हणजे चीनच्या सरहद्दीवर होता. खानावळीतला प्रत्येक जेवणारा गजाननला ओळखत होता, कारण त्याची पत्रं बाई आम्हालाच वाचायला लावत. लढाई थांबली आणि पत्रंही थांबली. मग कचेरीतून कागद आला. गजानन बेपत्ता. मेला असं कोणी म्हणत नव्हतं, आहे असंही कोणी म्हणत नव्हतं.

बाईंनी खानावळ बंद केली नाही. भाकरी तशाच टम्म फुगत होत्या, वरणात मीठ बरोबर पडत होतं. फक्त त्या आमच्याबरोबर जेवेनाशा झाल्या, आणि दिवेलागण झाली की हातातलं काम टाकून अंगणात उभ्या राहून वर बघायला लागल्या. ज्याचं क्रियाकर्म झालं नाही त्याचा जीव घरावरून फिरत राहतो, असं आळीतल्या बायका त्यांना ऐकू जाईल इतपत हळू आवाजात बोलत. आणि अशा बाबतीत गावात शेवटचा शब्द कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नत्थुजींनी एकदा मान हलवली असती की गजानन मेला असता.

नत्थुजींनाही ते कळलं होतं. ते खानावळीत उशिरा यायला लागले, आभाळ पुरतं काळं झाल्यावर. भाजी संपलेली असली तरी चालेल म्हणत, ठेच्याशी भाकर खात आणि खाली मान घालून निघून जात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाक्यावर रहदारी लई वाढली." त्या दिवसांत नाक्यावर माशा मारायला माणूस नव्हता.

पण एक दिवस फसले. हिवाळ्याचे दिवस, अंधार लवकर पडेल या भरवशावर ते आले, आणि आभाळात अजून तांबूस होतं. आम्ही पाच-सहा जण अंगणात पाटावर बसलो होतो. रतनलालजींचा मुनीमही होता. अनसूयाबाई चुलीवरची भाकर घेऊन आल्या आणि मधेच थांबल्या. उजेड निघाला होता. चांगला मोठा, आणि हळूहळू चाललेला.

नत्थुजी सवयीनं उठून उभे राहिले. उठायला नको होतं हे त्यांना उठल्यावर कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आता खालीही बसता येईना.

"नत्थुजी," बाई म्हणाल्या, "कोन चाललं हो?"

नत्थुजी आपल्या ताटाकडं बघायला लागले.

"लई हळू चाललं थे. माहा गजू तं नोहे?"

मला वाटलं आता आपण फुग्याचं सांगावं, पण माझ्या फुग्यावर या गावात कधी कोणाचा विश्वास बसला होता. बाई नत्थुजींकडंच बघत होत्या.

"विमान आहे थे," नत्थुजी म्हणाले.

"कोनाचं?"

"चीनचं असन. नाही तं रशियाचं. रतनलालजीले इचारा, त्याईले सबन ठाऊक आहे."

मुनीम जेवता जेवता थांबला. उद्या सकाळी दुकान उघडताच ही बातमी गावभर होणार होती.

"तुमी तं म्हंता का जीव जातेत," बाई म्हणाल्या.

"म्हनत होतो. चुकलं माह्यं. दिवसभर बंड्या मोजून मोजून डोकं फिरते, मंग मानूस कायबी बोलते. इमानंच आहेत सारी. मास्तरही सांगून राह्यले होते मले."

मी जोरात मान हलवली.

बाईंचं तेवढ्यानं भागलं नाही. आयुष्यभर खानावळ चालवलेली बाई, कोणी दोन भाकरी खाऊन एक सांगितली तर बरोबर ओळखणारी. त्यांनी भाकर हातात तशीच धरून विचारलं, "अन् पार्वतीबाई गेल्या तवा? तुमी नाक्यावर पाह्यलं, थे?"

नत्थुजी पाटावर बसले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"थेही इमानच असन," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या ताटात भाकर वाढली. "गरम आहे, खाऊन घ्या," म्हणाल्या. मग त्या आत गेल्या, आपलं ताट घेऊन बाहेर आल्या आणि कित्येक दिवसांनी आमच्या पंगतीत जेवायला बसल्या. मी ताटातली भाकर नुसतीच मोडत बसलो. मुनीम मात्र चवीनं जेवला.

घरी येताना वाटेत नत्थुजी म्हणाले, "मास्तर, थे बाई उद्या पुन्हा इचारन. मले इमानाचं काही येत नाही. दोन-चार गोष्टी सांगून ठेवा."

म्हणून आमची शिकवणी सुरू झाली. जेवण झाल्यावर ओसरीवर कंदील लावून मी त्यांना पंख, इंजिन, पेट्रोल समजावून सांगत असे. ते पोरासारखे मोठ्यानं म्हणून पाठ करत. दुसऱ्या संध्याकाळी अनसूयाबाईंनी वर पाहिलं की हे लगेच सुरू होत, "थे पाहा, दोन इंजनाचं आहे. डायवर पुढे बसते. उतरत नाही, नुसतं जाते." बाई ऐकून घेत आणि भाकऱ्या थापायला लागत.

गावानं त्यांना सोडलं नाही. टेहळणी मंडळानं त्यांचा हार घालून सत्कार केला. रतनलालजींनी भाषणात सांगितलं की सत्य के सामने सब को झुकना पडता है. नत्थुजी हार गळ्यात घेऊन शेवटपर्यंत बसून राहिले. त्याहून वाईट म्हणजे, घरात कोणी वारलं की अजूनही लोक त्यांच्याकडं येत. एक म्हातारी चार कोसांवरून चालत आली होती, नवरा सरळ गेला का तेवढं विचारायला. नत्थुजींनी तिला पाणी दिलं, गूळ दिला, आणि "मले त्यातलं काही कळत नाही" म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

माझी बदली झाली तोपर्यंत गजाननची काही खबर नव्हती. बाई रोज एक भाकर जास्त टाकत होत्या आणि नत्थुजी रोज विमान ओळखत होते. निघायच्या आदल्या दिवशी आमची शेवटची शिकवणी झाली. त्या दिवशी त्यांचं धड्याकडं लक्ष नव्हतं.

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा ना."

"इमानात बसलं का मळमळते का हो?"

"काही लोकांना त्रास होतो म्हणतात."

"पार्वतीले मोटार लागे," ते म्हणाले. "दिग्रसपर्यंत जायाचं म्हटलं तरी ओकाऱ्या येत. लिंबू हुंगत बसे बिचारी. यवतमाळले नेलं तवाही तसंच झालं म्हने. मंग त्या सांजच्याले थे इमानात बसली असन, तं कसं झालं असन हो तिचं?"

त्यांनी अगदी काळजीनं विचारलं होतं.

"अशा माणसाला खिडकीजवळ बसवतात," मी म्हणालो. "वारा लागला की बरं वाटतं."

"वर खिडकी उघडते?"

"उघडते," मी म्हणालो.

नत्थुजींनी मान हलवली. "मंग ठीक आहे," म्हणाले, आणि कंदिलाची वात बारीक करून आत झोपायला गेले.